वाघदऱ्याचे वीर

खिंडीच्या माथ्यावर आले, खाली गाव दिसलं आणि मी जागच्या जागी थांबले. मागून येणारे पाहुणे माझ्या पाठीवर आपटता आपटता राहिले.

"काय झालं?" मिस्त्रीबाईंनी विचारलं.

"काही नाही, मॅडम. इथून गाव छान दिसतं, म्हणून थांबले."

गाव छान दिसत होतंच. फेब्रुवारीतली सकाळ होती. धरणावरचं धुकं नुकतंच विरलं होतं. वाइनच्या द्राक्षांच्या बागा उतारावरून ओळीनं खाली गेल्या होत्या आणि त्यांच्या टोकाला वाघदरे, माझं सासर. कौलं, पत्रे, बारवेचा काळा चौकोन आणि वेशीतला जुना लिंब. माझे डोळे मात्र त्या लिंबाखाली खिळले होते. तिथं आमचे वीर उभे असतात, दगडात कोरलेले, कमरेइतक्या उंचीचे. काल दुपारी मी रात्रीच्या मुक्कामाच्या तयारीनं कामावर गेले तेव्हा ते काळेकरडे होते. आता तिथं निळं, तांबडं, पिवळं असं काहीतरी झगमगत होतं. लग्नातल्या बँडवाल्यांची गाडी उभी केल्यासारखं.

"ते काय चमकतंय हो?" देवधर सर दुर्बीण डोळ्याला लावत म्हणाले. सर पुण्याला कॉलेजात इतिहास शिकवायचे आणि त्या दिवशी केवळ वीर बघायला आले होते.

"ट्रॅक्टर असेल, सर," मी म्हणाले आणि भराभरा उतरायला लागले.

तेव्हा मी धरणाखालच्या वायनरीत कामाला होते. आधी ग्लास धुवायचे, मग पाहुण्यांना बाग दाखवायला लागले. वाघदऱ्यातून नोकरीला बाहेर पडलेली मी पहिली सून. मिस्त्रीबाई तिथल्या पाहुणचाराच्या प्रमुख होत्या. पाहुणे गाडीतून येतात, काचेच्या हॉलमध्ये चार घोट घेतात आणि परत जातात, ह्याचा त्यांना कंटाळा आला होता. त्यांनी पायी फिरायचा मार्ग काढायचं ठरवलं. बागांमधून चालायचं, जुनी गावं बघायची, गावातच जेवायचं. एक वाट आमच्या खिंडीतून वाघदऱ्याला येत होती. दुसरी धरणाच्या कडेनं रामपिंपळ्याला. रामपिंपळ्याला डांबरी रस्ता, नवं देऊळ, सगळा थाट. तिथली माणसं आम्हाला पिढ्यान् पिढ्या 'दगडांचं गाव' म्हणून चिडवत आलेली. लग्नाच्या पंगतीतही रामपिंपळेकर विचारणार, काय वाघदरे, यंदा दगडांना पालवी फुटली का?

म्हणून बैठकीत मी हात वर केला होता. "मॅडम, चालायचंच तर आमच्या गावाला चला. जुने वीर आहेत, बारव आहे. दुसरीकडे बघायला काय मिळणार?"

"एकच अट आहे," मिस्त्रीबाई म्हणाल्या होत्या. "गाव जसं आहे तसं हवं. जुन्या दगडावर टाइल्स आणि तेलरंग मी खूप बघितलेत. तसलं असेल तर आत्ताच सांग."

"तसलं आमच्याकडे काही नाही, मॅडम."

मी शब्द दिला तो असा. पहिल्या फेरीत पाहुणे खूश झाले तर वाट आमची. सुट्टीच्या दिवशी माणसं येणार, आमच्या बायकांच्या हातचं जेवणार, आणि त्यांना घेऊन येणार मी. नाही जमलं तर रामपिंपळे. आणि मग तिथल्या लोकांची तोंडं मला जन्मभर बघावी लागणार होती.

उतारावर पहिली बाग आमचीच. तोडणी चालू होती. बायका घड कापून क्रेटमध्ये ठेवत होत्या आणि पाहुण्यांना बघून डोक्यावरचे पदर पुढे ओढत होत्या. एक-दोघींनी मला हाक मारून, "वैजे, साहेबीण झाली का गं?" असंही विचारून घेतलं. पाहुण्यांनी मणी तोंडात टाकले आणि त्यांचे चेहरे वाकडे झाले, कारण वाइनच्या मण्याची साल जाड आणि बी मोठी. खायच्या द्राक्षाचा टपोरेपणा त्यात नसतो. माझे मालक, सोपान, ते समजावून सांगत होते. मी त्यांना खुणेनं क्रेटच्या थप्पीमागे बोलावलं.

"लिंबाखाली काय झालंय?"

सोपान हसले. "तात्यांनी वीर नटवले."

तात्या म्हणजे माझे सासरे.

"त्यांना कुणी सांगितलं?"

"तूच. परवा जेवताना म्हणाली नाही का, पाव्हणे खास वीर पाहायला येऊ राहिले म्हणून?"

"पाहायला म्हणाले मी. नटवायला कुठं म्हणाले?"

"घ्या. तुला पाहायला आलो तेव्हा तू पावडर लावून नव्हती बसली का?"

"हसू नका. रंग कसला आहे?"

"ट्रॉलीचा निळा-तांबडा होता आपल्याकडं. पिवळा शाळेचा उरलेला. काल सांजच्याला अख्खं गाव होतं तिथं, आपापल्या वीरापाशी. तुला सांगू नका म्हणाले तात्या. सूनबाईला सकाळी दिसू द्या, खूश होईल."

"निघेल का तो?"

"कसा निघंल? शिमग्याचा गेरू पावसात धुऊन जातो. तात्या म्हणे, पाव्हण्यांसाठी टिकाऊ लावू."

इथं एक सांगायला हवं. आमच्याकडे प्रत्येक जुन्या घराचा एक वीर आहे. शिमग्याला घरातले पुरुष आपापल्या वीराला अंघोळ घालतात आणि गेरू-चुन्यानं रंगवतात. दुसऱ्याच्या वीराला कुणी हात लावत नाही आणि बायकांनी तर नाहीच. घरात लग्न निघालं की पहिली अक्षत वीराला. पुढं पावसात रंग वाहून जातो आणि दगड पुन्हा काळाकरडा होतो. मी त्याच भरवशावर होते. शिमग्याला अजून अवकाश होता. पण पाहुणे आधी येणार म्हटल्यावर तात्यांनी शिमगा अलीकडे ओढला होता.

वेशीपाशी आलो तर हलगी वाजायला लागली. तात्या धुतलेलं धोतर नेसून, पटका बांधून पुढे उभे. त्यांच्या बोटांवर अजून निळा रंग होता.

"या पाव्हणे, या! थकले असाल. पाणी घ्या आधी. मंग आमच्या माणसांना भेटा."

आणि ती 'माणसं' लिंबाखाली ओळीनं उभी होती. निळे घोडे, तांबड्या शिंगांच्या पिवळ्या गाई, काळ्याकुळकुळीत मिशा. आमच्या घरच्या वीराच्या हातातलं जे काही होतं ते झिजून गेलं होतं, तिथं तात्यांनी हौसेनं हिरवागार द्राक्षांचा घड काढला होता.

"अहो, ती ढाल होती!" देवधर सर जवळजवळ ओरडले आणि पाराच्या कडेवर मट्‌कन बसले. "ढाल होती ती. काय केलंत हे!"

"ढालीचं आता काय काम, सर?" तात्या आनंदानं म्हणाले. "आता द्राक्षंच हायेत."

मिस्त्रीबाईंनी माझा दंड धरला आणि मला बारवेच्या कठड्यापाशी नेलं. त्या कधी आवाज चढवत नसत, त्या दिवशीही चढवला नाही.

"मी तुला एकच गोष्ट सांगितली होती."

"हो, मॅडम."

"मग ऐक. थिनर मागव. आत्ता, पाहुण्यांसमोर पुसायला घेऊ दे. आणि तू सगळ्यांना सांग, की गावच्या लोकांना समज नव्हती, त्यांच्याकडून चूक झाली. सासऱ्यांनाही तसं म्हणू दे. तेवढं केलंस तर मी पुढच्या महिन्यात पुन्हा एकदा बघेन. नाहीतर आज संध्याकाळीच रामपिंपळ्याला कळवते."

मी तात्यांकडे बघितलं. रंगाचा एक ओघळ वीराच्या पायावर उतरला होता, तो ते धोतराच्या सोग्यानं टिपत होते. नातवाचं नाक पुसताना जसे हलक्या हातानं पुसायचे, तसंच. आणि मला संताप आला. तो तात्यांवर नव्हता.

"नाही, मॅडम," मी म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"तात्यांना चारचौघांत चूक झाली म्हणायला मी लावणार नाही. पाहुणे येणार म्हणून त्यांनी घरची माणसं नटवली. ह्यात समज नसण्यासारखं काय आहे? तुम्ही वाट रामपिंपळ्याला न्या. पण आजची फेरी माझी आहे, ती मी पुरी करते."

बोलून झाल्यावर मला माझाच आवाज ओळखू येईना. मी तशीच पाहुण्यांकडे गेले.

त्यांच्यात काठी टेकत चालणाऱ्या एक वयस्कर बाई होत्या, भाटेबाई. त्या आमच्या घरच्या वीरासमोर उभ्या होत्या. "हे कोण?" त्यांनी विचारलं. हे काय, असं नाही. हे कोण.

मग मला तोंड फुटलं.

"हे खंडूबाबा. आमच्या घरचे. लग्न होऊन आले तेव्हा उंबरा ओलांडायच्या आधी ह्यांच्या पाया पडले मी. सासूबाई म्हणाल्या होत्या, आधी मोठ्यांना भेट, मग मला. थोरल्या लेकाच्या बारशाला पहिला पेढा ह्यांनाच. आणि तात्यांचं कुणाशी वाजलं की ते रात्री जेवत नाहीत, इथं येऊन बसतात. काय बोलतात ते आम्हाला सांगत नाहीत."

"तुला का सांगू?" तात्या म्हणाले आणि सगळे हसले.

"आणि हे कसे गेले?" भाटेबाईंनी विचारलं.

ते सांगायचा मान तात्यांचा. त्यांनी पटका सारखा केला. "गावची जनावरं हाकून नेली लुटारूंनी. दिवसाढवळ्या. गडी शेतात. ज्याच्या हातात जे होतं ते घेऊन तो पळाला. कुणाकडं तलवार, कुणाकडं नुसती काठी. खिंडीत गाठलं त्यांना. जनावरं माघारी आली, दावणीला लागली. गडी नाही आले." त्यांनी वर बोट दाखवलं. "तुम्ही आत्ता उतरून आले ना, तीच खिंड. तीच वाट. आम्ही तिथून उतरताना अजून पायातलं काढतो."

सगळ्या पाहुण्यांनी वळून वर बघितलं. मला तेव्हा आठवलं की सकाळी खिंडीत थांबले तेव्हा मी सवयीनं चपला हातात घेतल्या होत्या. बागेच्या बांधावर येऊन मग पायात घातल्या. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. भाटेबाईंच्या मात्र आलं होतं. "तरीच," त्या म्हणाल्या.

मग काय विचारता! जो तो पुढे झाला. आमचे बळवंतबाबा, आमचे येसाजी, आमचे हे, आमचे ते. कुणी पाहुण्याचा हात धरून नेतोय, कुणी गाईंची शिंगं मोजून दाखवतोय. शहरातल्या त्या माणसांनी हात जोडून एकेकाची ओळख करून घेतली. मी मधोमध उभी होते आणि माझी छाती अभिमानानं भरून आली होती. वाट गेली तर गेली, असं मला मनापासून वाटत होतं.

एवढ्यात ओळीच्या टोकाकडून देवधर सरांचा आवाज आला. "हा! हा एक तरी वाचला!"

शेवटचा वीर काळाकरडा होता. त्याला रंगाचा थेंबही लागला नव्हता. सर गुडघ्यावर बसून त्याच्यावरून हात फिरवत होते. "बघा, बघा, काय रेखीव काम आहे. मनगटातलं कडंसुद्धा दिसतंय. किती सुंदर राहिलाय हा."

तात्या चालत सरांपाशी गेले.

"तो सुंदर नाही, सर," ते म्हणाले. "तो पोरका आहे."

सरांनी वर बघितलं.

"त्याच्या घरचं कुणी राहिलं नाही गावात. कधी गेले, कुठं गेले, कुणाला ठावं नाही. ज्याचा वीर त्यानंच रंग द्यायचा. दुसऱ्याचा हात चालत नाही. शिमग्याला समदे नटतात अन् हा असाच उभा राहतो. माझ्या आज्याला लई वाईट वाटायचं. मलाबी वाटतं. पण करता काय?"

सरांनी दगडावरचा हात काढून घेतला नाही, पण तो थांबला. मग म्हणाले, "तात्या, तुमचं खरं आहे. पण माझंही एक ऐका. हा तेलरंग नको हो. कोरीव काम बुजतं त्यानं. आणखी चार वेळा लावलात तर खंडूबाबांचं नाक ओळखू येणार नाही. पूर्वीसारखा गेरूच लावा ना."

"असं होतं का?" तात्यांचा चेहरा पडला. त्यांनी खंडूबाबांच्या नाकाकडे काळजीनं बघितलं. "मंग गेरूच लावू. शिमग्यासाठी भिजत घातलेलाच हाये घरात. आता हा कसा काढायचा?"

"आता काढू नका. खरवडलात तर जास्त इजा होईल. हळूहळू जाईल आपला आपण."

दोघं असे बोलत होते, जसे एकाच आजाऱ्याच्या उशाशी बसलेत.

भाटेबाई अजून त्या शेवटच्या वीराकडेच बघत होत्या. "म्हणजे ह्यांचं कुणीच नाही?" त्यांनी गावाला विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मला ते बघवेना.

"असं कसं कुणी नाही?" मी म्हणाले. "आमच्याच जनावरांसाठी गेले ना तेही? आमचेच आहेत."

तात्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

मग जेवणं झाली. आमच्या बागेत वेलींच्या सावलीत सतरंज्या टाकल्या होत्या. बाजरीच्या भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा. मिस्त्रीबाईंनी बाटली उघडली. तात्या माळकरी, त्यांनी ग्लास नुसता नाकापाशी नेला, वास घेतला आणि म्हणाले, "आपलीच द्राक्षं हायेत. पण नीट सांभाळली म्हणायची तुम्ही." मग ग्लास जपून परत दिला. देवधर सर ठेच्यानं डोळे पुसत होते आणि तरीही मागून घेत होते.

मिस्त्रीबाई ताट घेऊन माझ्याशेजारी येऊन बसल्या.

"माझी एकच अट होती, तीही मोडलीस."

"हो, मॅडम."

"भाटेबाई विचारतायत, लेकीला घेऊन पुन्हा कधी येऊ. परतताना त्यांना खिंडीतून अनवाणी जायचंय. ह्या वयात!" त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "आजवर मी लोकांना पुष्कळ गावं दाखवली. कुणी अशी ओळख करून दिली नव्हती. शनिवारी आणखी माणसं आणते. भरीत असंच हवं."

पलीकडे सोपान उभे होते. मी मान हलवली आणि त्यांनी तोडणीच्या बायकांकडे बघून मोठ्यानं शीळ घातली. त्या शिळेचा अर्थ सगळ्या गावाला कळला. रामपिंपळ्यालाही संध्याकाळपर्यंत कळला असणार.

पाहुणे निघायच्या आधी तात्या घरी जाऊन आले. येताना त्यांच्या हातात गेरूची कढई होती आणि काथ्याचा कुंचला. ते सरळ ओळीच्या टोकाशी गेले, शेवटच्या वीरापाशी.

"वैजयंता," त्यांनी मला हाक मारली. एरवी सूनबाई म्हणायचे. "इकडं ये. धर."

मी दोन्ही हात मागे घेतले. "तात्या, मी?"

"अहो तात्या," मागून कुणी तरी म्हणालं, "बाईचा हात वीराला? आणि तीही दुसऱ्या गावाहून आलेली सून?"

तात्या वळले. वयोमानानं त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण त्या वेळी तो पार वेशीपर्यंत गेला.

"एवढ्या पिढ्या हा इथं उभा राह्यला. आपण समदे म्हणत आलो, त्याचं कुणी नाही. मीबी तेच म्हणालो. आमचा हाये म्हणून एकच माणूस बोललं. ज्यानं आमचा म्हटलं, त्याचा तो. हाये कुणाची हरकत?"

कुणाचीच नव्हती.

मी पाणी आणलं, वीराला अंघोळ घातली आणि पदरानं पुसलं. मग कुंचला गेरूत बुडवला. देवधर सर कढई धरून शेजारी बसले. "खोबणीत भरू नका, वरून हलका हात फिरवा. कडं दिसू द्या," असं सांगत राहिले. मी हलका हात फिरवला. कपाळ, खांदे, छाती, मनगटातलं कडं. दगड उन्हानं कोमट झाला होता. ओळीतला तो शेवटचा वीर तांबूस झाला तशी हलगी पुन्हा वाजायला लागली.

ह्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तात्या नाहीत. ट्रॉलीचा निळा रंग पापुद्र्यांनी गळून गेला, आता शिमग्याला गेरू आणि चुनाच. खंडूबाबांच्या हातातला द्राक्षांचा घडही गेला आणि खालून ढालीची कड दिसायला लागली. देवधर सरांनी तो दिवस मिठाई वाटून साजरा केला. मी मात्र त्या घडासाठी थोडी हळहळले. रामपिंपळ्याची माणसं आपल्या पाहुण्यांना घेऊन आमच्याच वाटेनं फिरायला येतात आणि गप्प जेवून जातात. हंगामात दर शनिवारी मी खिंडीतून माणसं उतरवते. चपला हातात घ्यायला कुणाला सांगत नाही. मी घेते, मागोमाग ते घेतात.

मागच्या वैशाखात माझ्या लेकीचं लग्न झालं. अक्षता द्यायला आम्ही सगळे वाजतगाजत लिंबाखाली गेलो. खंडूबाबांपुढे अक्षत ठेवून भटजी म्हणाले, चला, वीराचं झालं.

"थांबा, भटजी," माझी लेक म्हणाली. ती ताट घेऊन ओळीच्या टोकापर्यंत चालत गेली, वाकली आणि तिथंही अक्षत ठेवली. "ते वडिलांकडचे," ती म्हणाली, "आणि हे माझ्या आईकडचे."